थेट अवतरण कधी द्यावे? मराठीतून शोधलेखन करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लघुप्रबंध, पीएच.डी.चा प्रबंध किंवा शोधनिबंध मराठीतून लिहिताना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. संदर्भसूची कशी करायची याची पुस्तके मिळतात. लेखकाचे वाक्य जसेच्या तसे उचलावे की आपल्या भाषेत सांगावे, हे मात्र सहसा कोणी शिकवत नाही, आणि प्रबंधाचा कस तिथेच लागतो.

लेखकाचे वाक्य जसेच्या तसे नेमके केव्हा घ्यायचे?

तुम्हाला त्या वाक्यातल्या शब्दांविषयीच काही म्हणायचे असेल तेव्हा. लेखकाने हाच शब्द का वापरला, अशीच रचना का केली, त्याचा सूर कसा आहे, त्याने काय टाळले, यांपैकी एखाद्या गोष्टीवर तुमचा मुद्दा उभा असेल तर वाक्य हा पुरावा ठरतो आणि पुरावा वाचकासमोर ठेवावाच लागतो. लेखकाने दिलेली माहिती किंवा त्याचा निष्कर्ष एवढेच हवे असेल तर ते आपल्या वाक्यात सांगा आणि संदर्भ द्या.

पडताळून पाहायचे असेल तर अवतरणानंतरचे तुमचे वाक्य वाचा. ते अवतरणातल्या एखाद्या शब्दाला हात घालते का? घालत असेल तर अवतरण ठेवा. ते ‘यावरून असे दिसून येते की’ म्हणत अवतरणातलीच गोष्ट पुन्हा सांगत असेल, तर दोन्हींपैकी एक जागा अडवते आहे. बहुतेक वेळा काढायचे असते ते अवतरणच.

एखाद्या उदाहरणावरून सांगाल का?

महात्मा फुले यांनी 1883 मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधली ‘विद्येविना मती गेली’पासून ‘इतके अनर्थ एका अविद्येने केले’पर्यंतची वचने सर्वांना पाठ आहेत. समजा, तुमचे प्रकरण एकोणिसाव्या शतकातल्या शेतीच्या अर्थकारणावर आहे. तिथे ‘शूद्र शेतकऱ्यांच्या दारिद्र्याचे मूळ फुले अविद्येत पाहतात’ एवढे वाक्य पुरते. मूळ ओळी छापल्याने अर्थकारणाच्या विवेचनात काहीही भर पडत नाही. त्या जागेवर सारा, कर्ज, सावकारी यांविषयी फुल्यांनी दिलेला तपशील आला पाहिजे.

आता समजा, प्रकरण फुल्यांच्या युक्तिवादाच्या पद्धतीवर आहे. इथे ओळी द्याव्याच लागतील. मती, नीती, गती, वित्त अशी साखळी आहे, एका कडीचा शेवट पुढच्या कडीची सुरुवात होतो आणि शेवटी सगळा दोष एकाच कारणावर येऊन थांबतो. हा कार्यकारणभाव ऐकणाऱ्याला पाठ व्हावा अशी त्याची घडण आहे, आणि ती सारांशात उतरत नाही. ओळी त्याच, ग्रंथ तोच, तरी निर्णय उलटा. म्हणून ‘हे वाक्य फार सुंदर आहे’ हे अवतरणाचे कारण होऊ शकत नाही. त्या वाक्याचे तुम्ही काय करणार आहात, ते बघा.

पहिल्या प्रकरणात व्याख्या तर द्याव्याच लागतात ना?

ही सवय मोडायला हवी. ‘कादंबरी : संकल्पना आणि स्वरूप’ असे प्रकरण उघडले की पाचसहा इंग्रजी आणि तितक्याच मराठी अभ्यासकांच्या व्याख्या एकाखाली एक येतात. प्रत्येकीच्या आधी ‘अमुक यांच्या मते’ आणि शेवटी ‘वरील व्याख्यांवरून कादंबरीची पुढील वैशिष्ट्ये स्पष्ट होतात’. पुढच्या चार प्रकरणांत त्यांतल्या एकीचाही उल्लेख नसतो. ही खोगीरभरती आहे, आणि ती आधीच्या प्रबंधातून पुढच्या प्रबंधात जशीच्या तशी चालत येते. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात एकाच विषयाचे काही प्रबंध शेजारी शेजारी उघडून पाहा, त्याच व्याख्या, त्याच क्रमाने भेटतील.

व्याख्या शब्दशः द्यायची ती दोनच प्रसंगी. पहिला, ती तुम्ही साधन म्हणून वापरणार असाल आणि पुढच्या विश्लेषणात तिच्या शब्दांना बांधील राहणार असाल. दुसरा, तिच्याशी तुमचा वाद असेल आणि तिच्यातला कोणता शब्द तुम्हाला अडचणीचा वाटतो हे दाखवायचे असेल. बाकीच्यांसाठी एक परिच्छेद पुरे: अभ्यासकांचे यावर दोन किंवा तीन पक्ष आहेत, अमुक अमुक पहिल्या बाजूचे, तमुक दुसऱ्या बाजूचे, मतभेदाचा मुद्दा हा. असा परिच्छेद लिहायला सगळ्या व्याख्या वाचून त्यांची वर्गवारी करावी लागते. त्यात श्रम आहेत, आणि परीक्षकाला तेच श्रम पाहायचे असतात.

अवतरणे कमी असली तर वाचन कमी दिसेल, अशी भीती वाटते.

उलट आहे. दहा पानांचा युक्तिवाद तीन ओळींत नेमका सांगता आला की वाचन सिद्ध होते. वाक्य उतरवून काढायला ते समजलेले असावे लागत नाही.

स्वतःच्या शब्दांत सांगितल्यावरही संदर्भ द्यायचा का?

हो, प्रत्येक वेळी, आणि शक्यतो पृष्ठक्रमांकासह. शब्द तुमचे असले तरी विचार त्यांचा आहे.

मूळ वाक्यातले चारदोन शब्द बदलले तर चालेल का?

नाही. ‘महत्त्वाचे’च्या जागी ‘मोलाचे’ आणि ‘दिसते’च्या जागी ‘आढळते’ घातले तरी वाक्य त्यांचेच राहते, फक्त अवतरणचिन्हे गेलेली असतात. हा सगळ्यात वाईट पर्याय: वाचकाला मूळ शब्दही मिळत नाहीत आणि तुमची समजही कळत नाही. त्यापेक्षा उतारा दोनदा वाचा, पुस्तक मिटा, आणि शेजारच्या विद्यार्थ्याला तोंडी समजावून सांगावे तसे लिहा. मग पुस्तक उघडून ताडून पाहा. मूळातला एखादा शब्द तुमच्या वाक्यात अपरिहार्यपणे आलाच असेल तर तेवढ्या शब्दाभोवती अवतरणचिन्हे घाला. लांब उताऱ्यापेक्षा आपल्या वाक्यात बसवलेले दोनतीन शब्दांचे अवतरण पुष्कळदा अधिक काम करते, आणि आपल्याकडे त्याचा वापर फारच कमी होतो.

‘लेखक म्हणतात की…’ असे लिहिले तर अवतरणचिन्हांची गरज आहे का?

इथे मराठीत जास्त जपावे लागते. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ हे आपल्याकडे सहज चालते. ‘की’नंतर बोलणाऱ्याचे शब्द तसेच आले आहेत की सांगणाऱ्याने आपल्या भाषेत आणले आहेत, हे वाक्याच्या रचनेवरून कळत नाही. म्हणून ‘की’नंतर मूळ शब्द असतील तर चिन्हे हवीतच.

दुसरी अडचण शेवटाची. ‘अमुक म्हणतात की बलुतेदारांची स्थिती दुबळी होती आणि वतनपद्धती हे त्याचे कारण होते.’ यातले कारण लेखकाने सांगितले की तुम्ही जोडले? वाचकाला ठरवता येत नाही. सारांश लांबला तर शेवटी ‘असे ते मांडतात’ लिहून तो बंद करा आणि तुमचे म्हणणे नव्या वाक्यात, ‘यात एक भर घालावीशी वाटते’ अशा स्पष्ट खुणेने सुरू करा.

लांब वाक्यातला नको असलेला भाग वगळता येतो का?

येतो, वगळल्या जागी तीन टिंबे द्यायचे. आपण घातलेला शब्द चौकटी कंसात ठेवायचा. पण मराठीत नकार आणि शंका वाक्याच्या शेवटी येतात, हे विसरू नका. 1897 मध्ये ‘केसरी’त आलेले ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’ हे शीर्षक घ्या. शेवटचा एक शब्द गळाला की टिळकांच्या तोंडी नेमके उलटे मत जाते. इतकी ढोबळ चूक कोणी करत नाही. मात्र ‘… असे काहींना वाटते’, ‘… असे म्हटले जाते खरे’, ‘… हे मान्य केले तरी’ अशी शेपटे सर्रास कापली जातात आणि लेखकाने खोडून काढलेले मतच त्याचे मत म्हणून छापले जाते. वाक्याच्या शेवटाला कात्री लावायची असेल तर आधी पुढची दोन वाक्येही वाचा.

जुन्या ग्रंथातले ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरें’ आजच्या लेखनाप्रमाणे बदलायचे का?

अवतरणचिन्हांच्या आत बदलू नका. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम राज्य शासनाने 1962 मध्ये स्वीकारले आणि 1972 मध्ये त्यांत भर पडली. त्याआधीची अनुस्वार देण्याची पद्धत ही चूक नव्हे, तो त्या काळाचा नियम होता. तुमचा अभ्यास भाषेवर असेल तर ते अनुस्वारच तुमची सामग्री आहेत. आशयावर असेल आणि प्रबंधभर शेकडो उतारे असतील तर लेखन आजचे करता येते, पण तशी एक टीप प्रास्ताविकात हवी आणि मग सगळीकडे एकच धोरण हवे. काही उतारे जुन्या वळणाचे आणि काही नव्या, असे झाले की तुम्ही मूळ ग्रंथ पाहिलाच नाही, कोणाच्या तरी पुस्तकातून उचलले, असा संशय येतो. पुष्कळदा तो खरा निघतो.

मोडी कागदांचे काय?

मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. त्यामुळे बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवताना तुम्ही टाकलेला प्रत्येक स्वल्पविराम हा तुमचा अर्थ असतो. ज्या शब्दावर तुमचा निष्कर्ष उभा आहे तेवढा भाग शब्दशः द्या, लिप्यंतर कोणाचे ते सांगा, आणि दफ्तर व रुमाल (कागदांचे गठ्ठे) यांचा तपशील द्या, म्हणजे पुण्याच्या पुराभिलेखागारात जाऊन दुसऱ्याला तो कागद काढता येईल. उरलेल्या पत्राचा आशय सांगितला तरी चालते.

संतसाहित्यावर लिहिताना तर पानोपानी ओव्या आणि अभंग येणारच, नाही का?

येतील. कवितेवर बोलताना ओळ समोर असलीच पाहिजे, तिथे काटकसर नको. अडचण पुढे येते: अभंग दिला, खाली त्याचा भावार्थ दिला, पुढचा अभंग दिला, पुन्हा भावार्थ. अशी तीस पाने झाली तरी चिकित्सा सुरूच झालेली नसते. तुमच्या वाचकाला अभंगाचा अर्थ कळतो. त्याला हवे आहे ते हे की या अभंगातली प्रतिमा तुमच्या मुद्द्याशी कशी जोडली जाते, किंवा दुसऱ्या अभंगाशी तिचा विरोध कुठे येतो. सात अभंगांत एकच भाव असेल तर एक पूर्ण द्या आणि बाकीच्यांचे क्रमांक.

क्रमांक देताना आवृत्ती सांगायला विसरू नका. तुकोबांच्या गाथेच्या आवृत्त्यांत अभंगांची संख्या, क्रम आणि पाठ वेगळे आहेत. विष्णु परशुराम पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेल्या, इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेल्या आवृत्तीतला क्रमांक दुसऱ्या गाथेत शोधला तर भलताच अभंग हाती येतो. ज्ञानेश्वरीचा पत्ता अध्याय आणि ओवी असा देता येतो, पण तिथेही पाठभेद आहेत. तुमचा मुद्दा एकाच शब्दावर असेल तर तो शब्द निदान दोन आवृत्त्यांत पाहा. एका पाठात तो नसेलच, तर मुद्दाही राहत नाही.

इंग्रजी ग्रंथातले वाक्य मराठीत घेतले तर ते अवतरण म्हणायचे का?

अनुवादित अवतरण म्हणायचे, आणि अनुवाद कोणाचा ते लिहायचे. तुम्ही केलेला असेल तर ‘अनुवाद माझा’. मूळ इंग्रजी वाक्य तळटीपेत द्या, विशेषतः पारिभाषिक शब्द असेल तेव्हा. अनुवाद करताना तुम्ही आधीच आपले शब्द वापरता, म्हणून इथे थेट अवतरणाचे कारण आणखी पक्के हवे. बहुतेक वेळा इंग्रजी मजकुराचा आशय सरळ मराठीत सांगणे हेच योग्य, आणि वाक्यही अधिक मराठी उतरते. शब्दशः अनुवादाच्या नादात चार ओळींची, तीन ‘जे-ते’ असलेली वाक्ये तयार होतात आणि ती कोणालाच कळत नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. त्यांनी इंग्रजीत लिहिले तसे मराठीतही लिहिले. ‘मूकनायक’ 1920 मध्ये आणि ‘बहिष्कृत भारत’ 1927 मध्ये सुरू झाले, त्यांतले त्यांचे लेखन मराठीच आहे. एखादा विचार दोन्हीकडे असेल तर मराठी प्रबंधात त्यांची स्वतःची मराठी वाक्ये घ्यावीत. इंग्रजीवरून कोणी केलेला अनुवाद घेऊन त्यांच्या शैलीवर भाष्य करणे म्हणजे अनुवादकाच्या शैलीवर भाष्य करणे होय.

सगळ्यांना माहीत असलेल्या वचनांना संदर्भ कशाला?

कारण सगळ्यांना माहीत असलेली वचनेच सर्वाधिक बदललेली असतात. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ ही घोषणा भिंतीभिंतीवर आहे. बाबासाहेबांच्या 1942 च्या नागपूरच्या भाषणातल्या इंग्रजी शब्दांत संघर्ष दुसरा आणि संघटन तिसरे येते. घोषणा म्हणून मराठी रूपाला स्वतःचा इतिहास आहे आणि चळवळीच्या अभ्यासात ते रूप तसेच द्यावे. पण ‘बाबासाहेबांनी संघटनेला संघर्षाच्या आधी स्थान दिले’ असा निष्कर्ष त्या क्रमावरून काढायचा असेल तर आधी मूळ भाषण उघडले पाहिजे.

फलकावर, दिनदर्शिकेत, व्हॉट्सॲपवर वाचलेले वचन छापील ग्रंथात पृष्ठक्रमांकासह सापडले नाही तर ते लेखकाच्या नावावर वापरू नका. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने दिलेल्या अवतरणालाही हाच नियम. ही साधने अस्तित्वात नसलेली वाक्ये अस्तित्वात नसलेल्या पानांसह देतात.

एका पुस्तकात दुसऱ्याचे वाक्य उद्धृत केलेले आहे. ते घेऊ का?

मूळ ग्रंथ मिळवण्याचा प्रयत्न करा. खरोखर मिळत नसेल तर ‘अमुक यांच्या ग्रंथातून उद्धृत’ असे स्पष्ट लिहा. न पाहिलेला ग्रंथ पाहिल्यासारखा सूचीत घालणे ही फसवणूक आहे.

मुलाखतींतले बोलणे प्रमाण भाषेत आणायचे का?

या प्रश्नावर थोडे थांबून बोलायला हवे, कारण सामाजिक शास्त्रांच्या मराठी प्रबंधांत सर्वाधिक नुकसान इथे होते. समजा, वऱ्हाडातल्या एका शेतकरी बाईने तुम्हाला सांगितले, ‘मले कोनी इचारलंच नाई.’ प्रबंधात ते ‘मला कोणी विचारलेच नाही’ असे येते, आणि पुढच्या मसुद्यात ‘निर्णयप्रक्रियेत महिलांचा सहभाग आढळला नाही’ असे. तिसरे वाक्य चाळीस मुलाखतींचा निष्कर्ष म्हणून ठीक आहे, तिथे अवतरण नकोच. पण एका व्यक्तीचे म्हणणे समोर ठेवायचे असेल तर ते तिच्या बोलीत ठेवा. त्या ‘इचारलंच’मधल्या ‘च’मध्ये तिची तक्रार आहे. बाहेरच्या वाचकाला अडेल असा शब्द असेल तर अर्थ तळटीपेत द्या. बोली ‘सुधारून’ अवतरणचिन्हांत घातली तर ते अवतरण राहत नाही, तिने न वापरलेले शब्द तुम्ही तिच्या नावावर टाकलेले असतात.

निवडीचे निकष मात्र इथेही तेच. माहिती (किती एकर, किती कर्ज, किती मुले) तुमच्या वाक्यात किंवा तक्त्यात जाऊ द्या. अनुभव, विनोद, राग, एखाद्या गोष्टीला दिलेले तिचे स्वतःचे नाव, हे तिच्या शब्दांत घ्या. नाव बदलायचे की ठेवायचे हे तिला विचारून ठरवा. लोकगीतांच्या बाबतीत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवणे, तिची परवानगी असेल तर, तिचा हक्कच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि त्यांत गाणाऱ्या बायका नावागावांसह भेटतात. ‘एक लोकगीत’ एवढ्यावर भागवणाऱ्यांनी तो नमुना पाहावा.

कायद्याची कलमे, शासननिर्णय?

शब्दशः. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांत बंधन आणि मुभा इतका फरक आहे. मात्र लागू होणारे पोटकलमच द्या, पूर्ण कलम परिशिष्टात.

विज्ञान शाखेत काय पद्धत आहे?

तिथे थेट अवतरण जवळजवळ नसतेच. निष्कर्ष सांगा, संदर्भ द्या.

अवतरण किती लांब असावे?

मांडणीपुरते आकडे ठरलेले आहेत. सामाजिक शास्त्रांत चालणाऱ्या एपीए या संदर्भपद्धतीत 40 किंवा त्याहून अधिक शब्दांचा उतारा वेगळ्या परिच्छेदात, समास सोडून, चिन्हांविना देतात. भाषा-साहित्यात चालणाऱ्या एमएलए पद्धतीत गद्याच्या चार ओळींहून आणि पद्याच्या तीन ओळींहून अधिक मजकुराला तसे करतात. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडली जातात, त्यामुळे 40 मराठी शब्दांत इंग्रजीपेक्षा बराच जास्त मजकूर मावतो, हे ध्यानात ठेवून विभागाशी बोलून घ्या. माझे मत विचाराल तर अर्ध्या पानाहून लांब उताऱ्याला किमान तितकेच लांब तुमचे विवेचन हवे. तेवढे सुचत नसेल तर उतारा लहान करा.

साम्य-तपासणीत (वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तपासणीत) अवतरणे मोजली जातात का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे साम्यातून वगळायचे असतात. सलग 14 शब्दांपर्यंतचे सामान्य किंवा योगायोगाचे साम्यही धरत नाहीत. उरलेले साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत प्रबंध सुधारून द्यावा लागतो, 40 ते 60 टक्के असेल तर सुधारित प्रबंध एक वर्ष सादर करता येत नाही, आणि 60 च्या पुढे नोंदणी रद्द होते. चिन्हांविना वेगळ्या परिच्छेदात दिलेले उतारे सॉफ्टवेअर मोजू शकते, म्हणून अहवाल आला की कोणती वाक्ये धरली आहेत ते ओळीओळीने पाहा.

अवतरणे वगळली जातात म्हणून ती हवी तितकी भरता येतात, असा अर्थ कोणी काढू नये. साम्य शून्य आलेला प्रबंधही इतरांच्या वाक्यांनी भरलेला असू शकतो. तोंडी परीक्षेत ‘यात तुमचे काय?’ असा प्रश्न येतो, तेव्हा तो अहवाल उपयोगी पडत नाही.

हयात किंवा अलीकडे निवर्तलेल्या कवींच्या कविता घ्यायला परवानगी लागते का?

कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 नुसार संशोधन, समीक्षा यांसाठी वाजवी प्रमाणात उद्धृत करता येते. लेखकाच्या मृत्यूनंतर साधारणपणे 60 वर्षे हक्क टिकतो. केशवसुत 1905 मध्ये गेले, त्यांच्या कविता खुल्या आहेत. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले, त्यांच्या कवितांवर हक्क अजून आहे. प्रबंधात चर्चेपुरत्या ओळी घेणे वेगळे आणि प्रबंधाचे पुस्तक करताना अख्खी कविता छापणे वेगळे. पुस्तक करायचे ठरले की हक्कधारकाला आधी पत्र लिहा. उत्तर यायला वेळ लागतो, त्यामुळे हे काम छपाईच्या तोंडावर ठेवू नका.